सोळा पॅडांवरचे संगीतशास्त्र : इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळणाऱ्यांसाठी

पॅड कंट्रोलर, म्हणजे संगणकाला जोडून बोटांनी वाजवायच्या पॅडांचे उपकरण, घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस मोठ्या मजेत जातात. आवाजांचा तयार संच उघडावा, दोन बोटांनी किक (जाड ठोक्याचा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) वाजवावे, वरून एखादा आयता लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, सोडावा, की खोलीत काहीतरी गाण्यासारखे वाजू लागते. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. स्वतःची चाल बसवायला जावे तर ती त्या आयत्या लूपशी भांडते, बेस, म्हणजे खर्जातला साथीचा आवाज, लावला की सगळे गढूळ होते, आणि चार बारांचा, म्हणजे ठोक्यांच्या चार आवर्तनांचा, तुकडा कितीही वेळा ऐकला तरी पुढे काय करायचे ते सुचत नाही. या तिन्ही अडचणींची उत्तरे संगीतशास्त्रात आहेत, मात्र त्यासाठी पाच रेषांचे स्टाफ नोटेशन पाठ करण्याची गरज नाही. पॅडवर काम करणाऱ्याला सुरुवातीला लागणारे शास्त्र हे जवळपास सगळे अंतरे मोजण्याचे शास्त्र आहे. दोन ठोक्यांमधले अंतर आणि दोन स्वरांमधले अंतर ज्याला मोजता येते आणि मोजताना कानानेही ओळखता येते, त्याचे निम्म्याहून अधिक काम झालेले असते.

या लेखात चार आडव्या ओळींत चार-चार, म्हणजे एकूण सोळा पॅड असलेला कंट्रोलर गृहीत धरला आहे. रॉजर लिन यांनी आखलेल्या आणि अकाई कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणलेल्या एमपीसी ६० या यंत्राने ही मांडणी रूढ केली आणि आजचे बरेचसे पॅड त्याच वळणाचे असतात. पॅड १ खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, त्याच ओळीत उजवीकडे २, ३, ४ येतात, वरच्या ओळीत पुन्हा डावीकडून ५ ते ८, आणि असे करत वरच्या उजव्या कोपऱ्यात १६. पुढचे सर्व आकडे या क्रमाने वाचावेत. आठच पॅड असलेल्या छोट्या कंट्रोलरवर बँक बदलण्याचे, म्हणजे त्याच पॅडांवर पुढचे आठ आवाज आणण्याचे, बटण असते. थोडी गैरसोय होते, पण काम अडत नाही.

पॅड नेमके काय पाठवतो

पॅडमध्ये स्वतःचा आवाज नसतो. त्यावर बोट पडले की तो संगणकाला मुख्यतः दोन आकडे पाठवतो. एक स्वराचा आणि दुसरा आघाताच्या जोराचा, ज्याला व्हेलॉसिटी म्हणतात. १९८३ मध्ये प्रत्यक्षात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीत स्वराचा आकडा ० ते १२७ यांमध्ये असतो आणि पियानोच्या मधला सी हा ६० असतो. याच सीला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतात आणि काही सी-४, त्यामुळे एखाद्याचा धडा पाहून वाजवताना आपला आवाज एक सप्तक खाली किंवा वर आला तर गोंधळून न जाता नावापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा. तालवाद्यांच्या प्रचलित संकेतात किक ३६ वर, स्नेअर ३८ वर, बंद हाय-हॅट (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांचा आवाज) ४२ वर आणि उघडा हाय-हॅट ४६ वर असतो. एवढे चार आकडे लक्षात ठेवले तर अनोळखी संच उघडल्यावरही हात चाचपडत नाही.

वाजवायला बसण्यापूर्वी उशीर तपासून घेणे आवश्यक आहे. बोट पडल्यापासून आवाज कानावर येईपर्यंत जो वेळ जातो तो सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमधल्या बफरवर, म्हणजे संगणक आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवतो त्यावर, बराच अवलंबून असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो, ५१२ चा सुमारे १२ आणि १०२४ चा सुमारे २३ मिलिसेकंदांचा, आणि प्रत्यक्षातला एकूण उशीर याहूनही जास्तच असतो. शेवटच्या आकड्यावर ताल वाजवणे म्हणजे चिखलातून चालणे होय. वाजवताना बफर कमी ठेवावा, आणि मिक्सिंगच्या वेळी संगणकावर ताण येऊ लागला की वाढवावा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये होणारा उशीर मात्र कोणत्याही सेटिंगने पुरेसा कमी होत नाही. सरावासाठी तारेचाच हेडफोन वापरावा. आपल्याला ताल नाही असे समजून हा नाद सोडणाऱ्यांपैकी काहींचा दोष केवळ हेडफोनचा असतो, असे माझे मत आहे.

सोळा घरांचा ताल

बहुतेक इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत चार ठोक्यांच्या बारमध्ये चालते आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग पाडले की एका बारची सोळा घरे होतात. रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर याच सोळा घरांसाठी सोळा बटणांची रांग होती, आणि आजच्या सॉफ्टवेअरमधल्या जाळीतही तीच घरे दिसतात. पहिला धडा हाउस या नृत्यसंगीताच्या शैलीतल्या ठेक्याचा घ्यावा. किक १, ५, ९ आणि १३ या घरांवर, क्लॅप (टाळीचा आवाज) ५ आणि १३ वर, उघडा हाय-हॅट ३, ७, ११ आणि १५ वर. वेग मिनिटाला १२० ठोके ठेवावा, कारण त्या वेगात हिशेब सोपा होतो. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, एक बार दोन सेकंदांचा आणि एक घर १२५ मिलिसेकंदांचे. हे माऊसने घरे भरून करता येते, पण निदान पहिला महिना ते बोटांनीच वाजवावे आणि तोंडाने एक ते सोळा मोजत वाजवावे. मोजताना ओशाळल्यासारखे वाटते खरे, परंतु तबल्याच्या वर्गात हातावर टाळी देत ठेका म्हणणाऱ्या मुलांना जे लवकर साधते ते याच कारणाने साधते.

तीनताल माहीत असलेल्या वाचकांना इथे एक गंमत दिसेल. तीनतालाच्या सोळा मात्रांत टाळ्या १, ५ आणि १३ वर असतात आणि ९ वर खाली, म्हणजे टाळीविना मात्रा, असते; हाउसचा क्लॅपही ५ आणि १३ वरच पडतो. हा योगायोग आहे आणि त्यावर काही सिद्धान्त उभारू नये, कारण इथले एक घर म्हणजे मात्रेचा चौथा हिस्सा आहे आणि समेला येऊन मिळण्याची कल्पना या संगीतात त्या अर्थाने नाही. खालीची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे. चौथ्या किंवा आठव्या बारमध्ये नवव्या घरापासून किक काढून टाकली तर ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन क्षणभर सरकते आणि पुढच्या बारचा पहिला ठोका दुप्पट जोरकस वाटतो. दादऱ्यासारखा सहा मात्रांचा ठेका करायचा असेल तर मात्र सोळा घरांत कोंबाकोंबी न करता एका मात्रेला दोन घरे धरून लूपची लांबी सरळ बारा घरांची करावी.

त्यानंतर वेग मिनिटाला ९० वर आणून हिप-हॉपचा ठेका घ्यावा. किक १, ८ आणि ११ वर, स्नेअर ५ आणि १३ वर, बंद हाय-हॅट सर्व विषम घरांवर. आठव्या घरावरची किक ठोक्याच्या किंचित आधी पडते आणि तिथेच बोट घाई करते. ती नीट पडू लागेपर्यंत वेग आणखी कमी ठेवावा.

ठेका बरोबर पडत असूनही तो यंत्रासारखा निर्जीव वाटत असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली व्हेलॉसिटी. आठही हाय-हॅट ११० च्या जोराने वाजवण्याऐवजी ठोक्यावरचे १०० च्या आसपास आणि मधले ६० ते ७० ठेवून पाहावेत. दुसरी स्विंग, म्हणजे दोन घरांच्या प्रत्येक जोडीतले दुसरे घर जरा उशिरा वाजवणे. १२० च्या वेगात दोन घरांची जोडी २५० मिलिसेकंदांची असते. ५० टक्के स्विंगला दुसरा आघात बरोबर मध्यावर, १२५ मिलिसेकंदांवर पडतो, ५८ टक्क्यांना १४५ वर आणि ६६ टक्क्यांना १६५ वर, म्हणजे जवळजवळ तिपटीच्या चालीवर. फरक वीस-चाळीस मिलिसेकंदांचा आहे, पण मान डोलते ती त्याच फरकाने. काही सॉफ्टवेअरमध्ये स्विंग ० पासून मोजतात, काहींत ५० पासून, तेव्हा आकडा उसना घेण्यापूर्वी मोजणी कुठून सुरू होते ते पाहावे.

चुकलेले आघात घरावर ओढून नेणाऱ्या क्वांटाइझ या सोयीबद्दल नवशिक्यांमध्ये दोन टोके दिसतात. काही जण सगळे शंभर टक्के सरळ करतात, तर काही जण ते वापरणे कमीपणाचे मानतात. शिकण्याच्या काळात ५० ते ६० टक्के ताकद ठेवणे मला योग्य वाटते, कारण त्याने चूक सुसह्य होते पण लपत नाही.

सा कुठे ठेवायचा

आता स्वर. सॉफ्टवेअरमध्ये एखादा साधा पियानो किंवा ऑर्गनचा आवाज घ्यावा आणि पॅड क्रमाक्रमाने बारा स्वरांच्या मांडणीत ठेवावेत, ज्याला क्रोमॅटिक म्हणतात. या मांडणीत एका पॅडवरून पुढच्या आकड्याच्या पॅडवर जाणे म्हणजे अर्धस्वर चढणे. पेटीवर पांढरी एक वरून काळी एक वर जावे तसे. बारा घरे चढली की वरचा सा येतो, म्हणून पॅड १ वर सा असेल तर वरचा सा पॅड १३ वर, म्हणजे अगदी सरळ त्याच्या डोक्यावर असतो.

सा कोणताही असू शकतो, ही गोष्ट इंग्रजी धडे पाहून शिकणाऱ्यांना फार उशिरा उमगते आणि आपल्याकडे भजनाला बसलेल्या मुलालाही ती माहीत असते. गायक पांढरी चार मागतो किंवा काळी एक मागतो आणि पेटीवाला पट्टी बदलतो. स्वरांमधली अंतरे तीच राहतात. पाश्चात्त्य नावांशी जुळवायचे तर पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए आणि पांढरी सात बी. काळ्या पट्ट्या अनुक्रमे सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प आणि ए शार्प.

पॅड १ ला सा मानून १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३ हे पॅड वाजवले की मेजर स्केल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, म्हणजेच बिलावल थाट मिळतो. १, ३, ४, ६, ८, ९, ११, १३ वाजवले की नॅचरल मायनर मिळतो, ज्यात गंधार, धैवत आणि निषाद कोमल आहेत. हा आसावरी थाट. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी मांडलेल्या दहा थाटांपैकी आणखी दोन इथे फार उपयोगी आहेत. काफीचे पॅड १, ३, ४, ६, ८, १०, ११, १३ असे येतात. पाश्चात्त्य भाषेत हाच डोरियन असून हाउस संगीतात तो वरचेवर भेटतो. भैरवीचे पॅड १, २, ४, ६, ८, ९, ११, १३. हा फ्रिजियन, आणि त्यातला पॅड २ वरचा कोमल रिषभ अंधाऱ्या टेक्नोला लागणारी अस्वस्थता लगेच आणून देतो. प्रत्येक स्केल वाजवताना स्वर तोंडाने म्हणावेत. बोटाला पाठ झालेली चीज हात बदलला की विसरते, गळ्यातून गेलेली राहते.

थाट म्हणजे राग नव्हे, हे वेगळे सांगायला नको. चलन, वादी-संवादी आणि आंदोलने वजा केल्यावर जे उरते ते केवळ सात स्वरांचे भांडवल आहे, आणि साध्या पॅडवर मींडही घेता येत नाही. तरीही त्या भांडवलावर काय होऊ शकते याचा पुरावा मुंबईतच आहे. चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची यंत्रे वापरून दहा राग डिस्को ठेक्यावर मुद्रित केले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि २०१० च्या सुमारास ते पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरातले श्रोते चकित झाले.

अनेक कंट्रोलरमध्ये स्केल मोड असतो, ज्यात स्केलबाहेरचे पॅड गायबच होतात आणि चुकीचा स्वर वाजण्याची शक्यता उरत नाही. मी पहिले वर्षभर तोच वापरला. मग एकदा पेटी वाजवणारा एक मित्र घरी आला, त्याने लूप ऐकला, पेटीचा भाता उघडला आणि विचारले, "पट्टी कोणती?" मला सांगता आले नाही. त्याने तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि तो चौथ्या प्रयत्नात बरोबर वाजवू लागला. मी स्क्रीनवर शोधतच होतो. तेव्हापासून मी नवशिक्यांना स्केल मोड पहिले तीन महिने बंद ठेवायला सांगतो.

तीन बोटांच्या कॉर्ड

आपल्या कानाला एका तानपुऱ्याची सवय आहे. सा कायम वाजत राहतो आणि सगळे स्वर त्याच्याशी नाते सांगतात. कॉर्डच्या संगीतात मात्र सा जागच्या जागी राहतो आणि खालची जमीन हलते. ही एक गोष्ट कानाला पटली की कॉर्डचे बाकीचे शास्त्र पाठांतराचे राहत नाही.

कॉर्ड म्हणजे किमान तीन स्वर एकत्र. कोणत्याही स्वरापासून चार घरे आणि सात घरे वर मोजली की मेजर कॉर्ड होते. तीन आणि सात मोजली की मायनर. सोळा पॅडांवर हे डोळ्यांना दिसते. पॅड १, ५ आणि ८ दाबले की मेजर. १, ४ आणि ८ दाबले की मायनर. मधले बोट ५ वरून ४ वर येते, बाकी काही बदलत नाही, आणि खोलीतला उजेड कमी झाल्यासारखे वाटते. हा एकच बदल पाच मिनिटे सतत करून ऐकावा.

आता पॅड १ वर पांढरी सहा, म्हणजे ए ठेवावा. पॅड ३ वर बी, ४ वर सी, ६ वर डी, ८ वर ई, ९ वर एफ, ११ वर जी आणि १३ वर पुन्हा ए येतो. पुढील चार कॉर्ड एकेक बार धरून वाजवाव्यात. पहिल्या बारमध्ये १, ४, ८. ही ए मायनर. दुसऱ्यात १, ४, ९. ही एफ मेजर, फक्त तिचा मुख्य स्वर एफ तळाशी नसून वर ठेवला आहे. तिसऱ्यात ४, ८, ११; ही सी मेजर. चौथ्यात ३, ६, ११. ही जी मेजर, तिचाही जी वर आहे.

या क्रमाकडे जरा निरखून पाहावे. पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना दोन स्वर तसेच राहतात आणि ई फक्त एक अर्धस्वर चढून एफ होतो. (पॅडवर मात्र बोटाला ८ वरून ९ वर, म्हणजे एका ओळीच्या उजव्या टोकापासून वरच्या ओळीच्या डाव्या टोकाला उडी मारावी लागते, सोळा पॅडांच्या मांडणीचा हा जन्मजात त्रास आहे, म्हणून दोन्ही हात वापरावेत.) दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना सी राहतो. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना जी राहतो, सी एक घर उतरून बी होतो आणि ई दोन घरे उतरून डी होतो. चौथ्यावरून परत पहिल्यावर येताना मात्र एकही पॅड सामाईक नाही, तिन्ही स्वर खाली उतरतात, आणि म्हणूनच तिथे घरी परतल्यासारखे वाटते. शेजारच्या कॉर्डमध्ये सामाईक स्वर जागेवर ठेवून बाकीचे कमीत कमी हलवणे हे कौशल्य एवढेच आहे. ज्यांच्या कॉर्ड तुटक वाटतात ते बहुधा प्रत्येक कॉर्ड तिच्या मुख्य स्वरापासून नव्याने मांडत असतात.

यानंतर एक प्रयोग करावा. चारही बार चालू असताना वेगळ्या आवाजात ए हा एकच स्वर लांब धरून ठेवावा. पहिल्या बारमध्ये तो घरात बसलेला असतो. दुसऱ्यात तो कॉर्डचा मधला स्वर होतो आणि गोड लागतो. तिसऱ्यात तो कॉर्डचा नसतो, पण बोचतही नाही. चौथ्यात जीच्या शेजारी राहून तो टोचू लागतो आणि पुढच्या बारची वाट पाहायला लावतो. सा तोच आहे, अर्थ चार झाले.

या पायरीवर सर्वांत जास्त रेंगाळावे. पुढे १, ४, ८ मध्ये ११ मिळवून ए मायनर सेव्हन करावी, आणि मग ती चार स्वरांची कॉर्ड एकाच सॅम्पलमध्ये, म्हणजे आवाजाच्या एका तुकड्यात, मुद्रित करून सोळा पॅडांवर पसरावी. आता प्रत्येक पॅडवर एकाच बोटाने मायनर सेव्हन वाजते आणि काही स्वर स्केलच्या बाहेर जातात. शास्त्राच्या दृष्टीने हा अपराध आहे, पण हाउस आणि टेक्नोमधल्या कितीतरी कॉर्ड अशाच समांतर सरकणाऱ्या आहेत. सॅम्पलरच्या अशा सोयीमुळेही तो आवाज रूढ झाला आणि आता तोच त्या शैलीची ओळख आहे. नियम कुठे मोडला ते कळण्यासाठी मात्र आधीचा व्यायाम झालेला असावा.

बेस

सुरुवातीला बेसने कॉर्डचा मुख्य स्वर धरावा. वरच्या क्रमात तो ए, एफ, सी, जी असा होतो. बेसच्या खालच्या सप्तकात कॉर्ड कधीही वाजवू नये, कारण इतक्या खाली जवळजवळचे दोन स्वर एकमेकांत मिसळून गुरगुर होते. गढूळपणाचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. खालचा ए ५५ हर्ट्झचा असतो आणि मोबाईलचा स्पीकर तो जवळपास वाजवतच नाही, म्हणून बेसचे काम हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर तपासावे. किक आणि बेस एकाच घरावर एकत्र आले तर दोघे एकमेकांना दाबतात. बेस ३, ७, ११ आणि १५ या घरांवर सरकवला की हाउसमधली ती उड्या मारणारी चाल आपोआप मिळते आणि किकलाही श्वास घ्यायला जागा मिळते.

चाल

चालीसाठी सात स्वरांपेक्षा पाच स्वर बरे. ए पॅड १ वर असताना १, ४, ६, ८ आणि ११ हे पॅड घ्यावेत. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, म्हणजे धानी रागाचे स्वर. वरच्या चारही कॉर्डवर हे पाच स्वर फारसे कुठे अडत नाहीत, कारण अर्धस्वराची टक्कर देणारी जोडीच त्यांच्यात नाही. मेजर वळणाचे काही करायचे असेल तर १, ३, ५, ८, १०, म्हणजे भूपाचे स्वर घ्यावेत. चाल दोन बारांची असावी आणि त्यातली निम्मी घरे रिकामी असावीत. एकदा वाजवलेली चाल दुसऱ्यांदा वाजवताना फक्त शेवटचा स्वर बदलावा. गाण्यात मुखडा जसा परत येतो तशी ती परत आली तरच ऐकणाऱ्याला ती आपली वाटते.

चार बारांतून बाहेर

१२० च्या वेगात तीन मिनिटांचे गाणे म्हणजे ९० बार. चार बारांचा लूप नव्वद बारांपर्यंत ताणायचा तर भर घालण्यापेक्षा वजाबाकी सोपी पडते. आधी किक, क्लॅप, हाय-हॅट, बेस, कॉर्ड आणि चाल असा भरगच्च आठ बारांचा तुकडा तयार करावा, तो दहा-अकरा वेळा ओळीने चिकटवावा आणि मग खोडायला सुरुवात करावी. पहिल्या सोळा बारांतून चाल आणि बेस काढावा, मध्ये आठ बार किक काढून फक्त कॉर्ड ठेवाव्यात, शेवटच्या सोळांत एकेक वाद्य बाहेर जाऊ द्यावे. बदल आठ किंवा सोळा बारांच्या सीमेवर करावेत, कारण नृत्यसंगीत ऐकणाऱ्याचे शरीर तिथेच बदलाची अपेक्षा धरते. सीमेच्या आधीच्या अर्ध्या बारमध्ये मागे सांगितलेली किकची खाली ठेवली की सांधा झाकला जातो.

चौसष्ट पॅड असतील तर

आठ बाय आठ पॅडांच्या एबलटन पुशसारख्या कंट्रोलरवर क्रोमॅटिक मांडणी निवडली की उजवीकडचा पॅड एक घर वर असतो, पण वरच्या ओळीतला पॅड नेहमी पाच घरे वर असतो. गिटारच्या बहुतेक तारांमध्येही एवढेच अंतर असते. म्हणून मेजर कॉर्डसाठी मूळ पॅड, त्याच ओळीतला उजवीकडचा चौथा आणि वरच्या ओळीत मूळ पॅडच्या डोक्यावरून उजवीकडे दुसरा, असे तीन पॅड धरावेत. मायनरसाठी चौथ्याऐवजी तिसरा. वरचा सा दोन ओळी वर आणि दोन पॅड उजवीकडे असतो. इथे एकच आकार कुठेही नेला तरी कॉर्ड तीच राहते, ओळीच्या टोकाला उडी मारावी लागत नाही, त्यामुळे सोळा पॅडांवर आकडे मोजायला शिकलेल्या माणसाला ही मांडणी फार लवकर जमते.

सरावाला रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, पण ती तीन भागांत वाटावीत. पहिली पाच मिनिटे फक्त मेट्रोनोमवर एकच ठेका, नंतर दहा मिनिटे एक स्केल किंवा एक कॉर्डक्रम, आणि उरलेल्या वेळात आवडत्या ट्रॅकचा बेस कानाने शोधून पॅडवर वाजवणे. हा शेवटचा भाग सर्वांत कष्टाचा आहे आणि सर्वांत आधी टाळला जातो. एका बैठकीत चार स्वर सापडले तरी पुष्कळ झाले.

काम थांबवताना फाइल जतन करावी आणि तिच्या नावात वेग आणि पट्टी दोन्ही लिहावेत, उदाहरणार्थ "१२० ए मायनर पांढरी सहा". दोन महिन्यांनी दुसरा लूप त्याच्याशी जोडायचा असेल, किंवा कोणी पेटी घेऊन शेजारी बसले, तर स्क्रीनवर शोधाशोध करावी लागत नाही.